फरशीखाली

तीन दिवस रोज सव्वासहाला
आमच्या ऑफिसच्या फरशीखाली एक बाई रडायची.
चौथ्या दिवशी मी खातेवही मिटली, पर्स घेतली
आणि जिना उतरून तक्रार करायला गेले.

वागळे इस्टेट. वर आम्ही,
स्टेपलरच्या पिना, ठोक व किरकोळ.
खाली मुकादमांचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम,
धंदा बसला तरी भिंतींना सरसाचा वास.
रडणारी बाई बशीतून चहा पीत होती.
सुनेत्रा भोईर, राहणार कोलशेत.
"जास्त होतंय का?" तिनं विचारलं.
मला वाटलं, आवाजाबद्दल.
ती रडण्याबद्दल विचारत होती.
मी म्हटलं, "काल खरं वाटलं. आज नाही."
कुणीतरी मला खुर्ची दिली.
ती अजून परत मागितलेली नाही.

दोन वर्षं झाली त्याला.
पाटी नाही. शटर अर्धंच वर,
उंच माणसं कपाळ चोळत आत येतात
आणि मी त्यांच्या मनगटावर शिक्का मारते,
आमच्याच ऑफिसातला जुना:
'माल तपासून घेतला.'
खुर्च्या त्रेचाळीस, पाच वेगवेगळ्या मंडपवाल्यांच्या.
गडकरीला पडदा वर जातो.
इथे विन्सी डिमेलो दिवा घालवतो
आणि अंधारात म्हणतो, "समजा, गेला."

नवरा विचारतो, देतात काय?
चहा.
आणि तू करतेस काय?
पंखा बंद करते.

हसू नका.
तळघराला खिडकी नाही, पंखा एकच, कारखान्यातला.
चालू असला की वाक्यं जातात,
बंद केला की माणसं शिजतात.
म्हणून हळू बोलायची जागा आली की बंद,
भांडण लागलं की चालू.
मला नाटकं पाठ आहेत ती अशी,
कुठे घाम, कुठे झुळूक.
सगळी कळतात असं नाही.
एकात एक मुलगा पाऊण तास
विजेच्या बिलांना इस्त्री करतो.
का, ते मला विचारू नका.
पण पंखा कधी बंद करायचा
ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

गेल्या महिन्यात, शनिवारी,
सुनेत्रा पत्राच्या जागेवर आली.
मी पंखा बंद केला.
ती थांबली.

वाक्य नव्हतं तिच्याकडे.
एकोणतीस माणसं बघत होती,
त्यांना वाटलं असणार, प्रायोगिक आहे, असंच असतं.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
शेजारच्या गाळ्यातला लेथही नेमका तेव्हाच थांबला.
वाक्य मला येत होतं.
ओठांवर होतं.
पण ती माझी जागा नव्हे.
माझी जागा बटणाशी.

मी पंखा लावला.

दिग्दर्शकाने अंधारात मान वळवली, मी पाहिलं नाही.
टेबलावरचं पत्र उडालं,
ती त्याच्यामागे गेली, गुडघ्यांवर,
पहिल्या रांगेच्या चपलांमधून, एका आजोबांच्या काठीखालून,
आणि कागद छातीशी धरून
पंख्याच्या वर आवाज काढून ओरडली
ते वाक्य,
जे दोन महिने कुजबुजत होती.

शटर ओढताना कुणी काही बोललं नाही.
सुनेत्राने कुलूप लावलं, किल्ली विन्सीकडे फेकली,
म्हणाली, "आता तसंच ठेवू."
पुढच्या प्रयोगाला संहितेच्या समासात
पेन्सिलीने दोन शब्द होते:
इथे वारा.

आज सोमवार. पिनांच्या पेट्या, जीएसटी,
भिवंडीच्या पार्टीची थकलेली बाकी.
सव्वासहा.
खाली नवं काहीतरी सुरू झालंय,
या वेळी हसणं.
अजून खोटं आहे.
मी चपला काढून टेबलाखाली सरकवते
आणि फायली ठेवायला कपाटाकडे अनवाणी जाते.
साहेब विचारतात, पाय दुखतात का?
म्हणते, नाही,
फरशी गार आहे.